रुचाच्या नावाची फाइल

तनयाच्या हातून सांडलेलं त्या आठवड्यातलं हे तिसरं भांडं. आधीचे दोन दुधाचे पेले होते. मंगळवारी सकाळी सांबाराची वाटी गेली, तीही आजोबांच्या इस्त्रीच्या पायजम्यावर.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" वसंतराव कडाडले.

"हात आपोआप उडतो, आजोबा. मी नाही उडवत," नऊ वर्षांची तनया म्हणाली.

"वा! हाताला स्वतःची बुद्धी आली म्हणायची."

पाच आठवडे हे असंच चाललं होतं. बोटं नाचत, खांदा उडे, तोंड वेडंवाकडं होई. चौथीतलं सुबक अक्षर बालवाडीत परतलं होतं. शाळेच्या बाईंनी डायरीत 'मुद्दाम करते' असा शेरा मारला. वसंतरावांनीही 'आगाऊपणा' असं निदान केलं होतं. ते रेल्वेच्या आस्थापना विभागातून निवृत्त झाले होते, त्यामुळे निदानाचा अधिकार त्यांना होताच.

खरं तर आगाऊपणावर त्यांचाही विश्वास नव्हता. पण सून विद्युलता "मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या" म्हणाली की ते दार लावून घेत. नुसतं म्हणायला नव्हे, खरोखरचं दार. चेन्नईत मराठी बिऱ्हाडं ती किती, आणि त्यांना एकमेकांच्या घरात डोकावण्यापलीकडे कामं ती काय?

"सावनीचं लग्न ठरतंय. पुण्याचे लोक चौकशी करतात. घरात डोक्याचा आजार आहे म्हटल्यावर कोण येईल?"

सावनी त्यांची मुलगी, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिला कोणी विचारलं नव्हतं. लग्न तिचं असल्यामुळे तशी पद्धत नाही. तनयाचे वडील उपेंद्र इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पाळ्या करत आणि घरी आल्यावर एकच मत देत: "बाबा म्हणतात ते बघ."

बुधवारी तनया जिन्यात पडली. तेव्हा वसंतराव तयार झाले, एका अटीवर. फाइलवर नाव तनयाचं नको. वरच्या मजल्यावरच्या कमलिनीबाईंची रुचा त्याच वयाची होती. रुचाच्या नावाने दाखवायचं.

"त्यांना विचारलंय?" विद्युलताने विचारलं.

"विचारलं तर गुपित कसं राहील?"

इस्पितळात दारावर पाटी होती: डॉ. एस. जनकोजी राव. "राव म्हणजे तेलुगू," वसंतरावांनी निकाल दिला. तपासणी इंग्रजीत झाली. डॉक्टरांनी तनयाला आपली दोन बोटं घट्ट धरायला सांगितली. तिची मूठ आवळे, सुटे, पुन्हा आवळे. जीभ बाहेर काढून ठेव म्हटलं, तर ती सरड्यासारखी आत पळे.

"गेल्या काही महिन्यांत ताप आला होता? घसा दुखला होता?"

जूनमध्ये घसा इतका सुजला होता की तनयाला पाणी गिळवत नव्हतं. बालरोगतज्ज्ञांनी दहा दिवसांचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर घरच्यांनी ते बंद केलं. तो कागद विद्युलताच्या पर्समध्ये होता. त्यावर नाव अर्थातच तनयाचं.

वसंतराव डॉक्टरांकडे बघून हसले आणि ओठ न हलवता सुनेला मराठीत म्हणाले, "घशाचं बोलू नकोस. तो कागद काढलास तर नावाचं बिंग फुटेल." मग इंग्रजीत, मोठ्यांदा: "नो फीव्हर, डॉक्टर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजोबा," ते मराठीतच म्हणाले. त्या मराठीला तमिळ हेल होता, पण शब्द न् शब्द कळत होता. "आमचे लोक तंजावूरचे. तीनशे वर्षं झाली, भाषा सोडली नाही. बाई, तो कागद काढा."

विद्युलताने कागद टेबलावर ठेवला. सासऱ्यांच्या तोंडून काय निघतं याची पाच आठवडे वाट पाहणारी ती बाई आज त्यांच्याकडे बघतही नव्हती.

"हिचं नाव तनया," ती म्हणाली. "घसा जूनमध्ये दुखला होता. औषध आम्हीच थांबवलं."

डॉक्टरांनी समजावलं: घशातल्या त्या जंतूशी लढायला शरीर जे सैन्य उभं करतं, ते कधीकधी चुकून मेंदूवरच चालून जातं. या हातपाय उडण्याच्या आजाराला 'कोरिया' म्हणतात. हातपाय सावरतील, बहुतेक मुलं बरी होतात. पण तेच सैन्य हृदयावरही जातं. रक्त आणि हृदयाची तपासणी आजच करायची.

संध्याकाळी अहवाल आला. हृदयाच्या एका झडपेला गळती होती. फार नाही, पण होती. तो जंतू पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, वर्षानुवर्षं.

वसंतराव खुर्चीच्या कडेवर सरकले. "डॉक्टर, साखरपुड्यापर्यंत, दोनच महिने, फाइल रुचाच्या नावावर राहू द्या की. कोणाचं काय बिघडतं?"

तनया उडणारा हात मांडीखाली दाबून बसली होती. "आजोबा," तिने विचारलं, "मग रुचाचं लग्न कसं होणार?"

पस्तीस वर्षं रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना कारणे दाखवा नोटिसा पाठवणारे वसंतराव जूनचा तो कागद वाचत बसले. विद्युलता फाइल उचलून नोंदणीच्या खिडकीकडे गेली. खिडकीवरच्या माणसाने नाव बदलायला अर्ज मागितला. तिने तो उभ्याउभ्या लिहिला, आणि कारणाच्या रकान्यात 'भीती' असं लिहिलं.

शनिवारी सावनीने स्वतःच पुण्याला फोन लावून सगळं सांगितलं. मुलाच्या आई गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, लहान पोरीचं दुखणं ते. आम्हाला कळलंही नसतं. लपवता आलं असतं की!"

"आलं ना," सावनी म्हणाली. "पाच आठवडे छान लपलं. तेवढ्यात ते तिच्या हृदयापर्यंत गेलं."