चटणी बंद, चूल बंद

चौऱ्याहत्तर साली पिंपरीत माझी खानावळ होती. बीडकडचा ज्योतीराम माझ्याकडेच जेवायचा. फाउंड्रीत भट्टीपुढे उभं राहून त्याचं अंग ठणकायचं. गेटजवळच्या टपरीवरून अंगदुखीच्या गोळ्या घेऊन तो उपाशीपोटी चहाबरोबर गिळायचा. बरेच जण गिळायचे.

पुढे तो पांढराफटक पडला. अर्ध्या जेवणात पोट धरून बसू लागला. माझे दीर असेच पांढरे पडून गेले होते, म्हणून मी सगळ्यांदेखत विचारलं, "परसाकडं कशी व्हती रं?"

पोरं खिदळली.

"काळी, मावशे. डांबरावानी. तुझ्या कारळ्याच्या चटणीनं."

"मावशीचा रंग पक्का हाय," उद्धवराव टर्नर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बी उतरत न्हाई!"

मीही हसले. पण चटणी सगळेच खात होते, पांढरा हा एकटाच पडला होता. मी कारळ्याची चटणी बंद केली.

"चटणी कुठं गेली?" उद्धवराव कुरकुरले.

"रजेवर."

आठवडाभराने ज्योतीरामला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. त्याने मान खाली घातली. "तशीच हाय."

"मग ती चटणी न्हवं, बाबा. रगत हाय. माझ्या दिराला बी अशीच काळी व्हायची. दवाखान्यात चल."

"पुढल्या महिन्यात पर्मनंट करणार हायेत, मावशे. आता खाडा झाला तर नाव कापतील."

"आन् तूच गेलास तर पर्मनंट कोनाला करतील?"

तो ऐकेना. तेव्हा मी चुलीतली लाकडं ओढली, पाणी मारलं आणि परात पालथी घातली. "ह्यो दवाखान्यात जाईस्तोवर कुनालाच भाकर न्हाई."

बाहेर सेकंड शिफ्टची माणसं खोळंबली होती. शिव्या सुरू झाल्या, आधी मला, मग त्याला. शेवटी उद्धवरावांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "चल भावा. तुझ्यापायी आमी उपाशी मरायचो."

रिक्षात त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, पोटात जखम आहे, गोळ्यांनी ती वाहती झाली. उद्धवरावांनी आपलं रक्त दिलं. पर्मनंट व्हायला त्याला आणखी वर्ष लागलं. पण झाला.

कारळ्याची चटणी माझ्याकडे पुन्हा झाली नाही. नव्या गड्याला पहिलं ताट वाढताना मी तोच प्रश्न विचारायची. तो खिदळायचा. उद्धवराव ताटातून मान वर न करता म्हणायचे, "नीट सांग रं. न्हाईतर बाई चूल इझवती."