प्रबोधचा अंगठा आणि आंबट चेरी

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, चिली क्रॅबवर ताव मारला आणि दुसऱ्या दिवशी प्रबोधच्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. डॉक्टरांनी गाउट, म्हणजे एक प्रकारचा संधिवात, म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, खेकडे आणि बिअर बंद केली. बँकेतला एक सहकारी मात्र म्हणाला, आंबट चेरीचा रस घे. आमच्या आजीच्या गावात सांधेदुखीला आणि झोप न येण्याला सगळे तेच घेतात.

प्रबोधने चेरीचा घट्ट अर्क आणला. जेवण झालं की दोन चमचे पाण्यात घालून प्यायचा आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला चेरीचे गुण ऐकवायचा. पहिली बाटली संपली, त्याने दुसरी फोडली.

त्याच सुमारास सासरे, निशिकांत, रत्नागिरीहून सिंगापूरला, तोआ पायोह भागातल्या त्यांच्या घरी आले. त्यांनी आणलेलं कोकमाचं आगळ बॅगेत गळत होतं. त्यांनी ते चेरीच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि कुणाला न सांगता फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

"चेरी हल्ली खारट लागते," प्रबोध एकदा म्हणाला.

"औषध आहे ते, सरबत नाही," अरुणा, त्याची बायको, म्हणाली.

रविवारी प्रबोधचे मित्र शिरीष आणि ऋचा जेवायला आले. निशिकांतांनी हौसेने स्वतः सोलकढी केली. शिरीषने एक घोट घेतला आणि वाटी अलगद खाली ठेवली.

"वेगळी आहे," ऋचा जपून म्हणाली.

"आजोबा, हा गार्लिक मिल्कशेक आहे, लाह," प्रबोधची छोटी लेक इरा सिंगापुरी ढंगात म्हणाली.

निशिकांतांनी चव घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. अरुणाने फ्रिजमधल्या दोन्ही बाटल्या काढून हुंगल्या.

"बाबा, तुम्ही कढीत चेरी घातलीत. आणि प्रबोध, तू इतके दिवस आगळ पितोयस."

प्रबोधने टेबलाखाली पाय हलवून पाहिला. "पण अंगठा तर बरा झालाय."

"होणारच," निशिकांत ताठ बसले. "आमचं कोकम आहे ते."

"चेरीचा गुण सावकाश येतो, बाबा. आधीच्या बाटलीचा असणार."

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?" अरुणाने विचारलं.

सासरे-जावई दोघांनीही ते ऐकलंच नाही. वाद आइस्क्रीमपर्यंत चालला.

आता प्रबोध सासऱ्यांचं मन राखायला एकाच पेल्यात दोन्ही घालतो. चव विचारली तर "छान" म्हणतो. शेजारी अरुणाने ठेवलेली गोळी असते. ती मात्र तो काही न बोलता गिळतो.