नावाभोवतीची बोटभर जागा

सोमवारी सकाळपासून माझा फोन वाजायला लागला तो थांबेचना. जो तो एकच बोलत होता, गफ्फारभाई, काय चित्र काढलं तुम्ही! पहिल्या दोघांना मी 'मेहरबानी' म्हणून मोकळा झालो. तिसरा म्हणाला, "त्या बाईचे डोये पाहून गाडीच थांबवली ना राजेहो." मी चपापलो. मी काढलेल्या बाईच्या डोळ्यांत गाडी थांबवण्यासारखं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तीस वर्षं मी अकोल्यात भिंती रंगवतो आहे. दुकानांच्या पाट्या, शाळांचे सुविचार, निवडणुकीची चिन्हं, आणि फ्लेक्स आल्यापासून मिळेल ते. यंदा स्वच्छता सर्वेक्षणाच्या बारा भिंती मिळाल्या होत्या. मोर्णा नदीच्या पुलाजवळची पहिली नुकतीच संपवली होती. महापालिकेच्या साहेबांनी मोबाईलवर नमुना धाडला होता: गोरीपान बाई, हातात झाडू, लाल ओठ, पांढरेशुभ्र दात. मी तो जसाच्या तसा उतरवला आणि उजव्या कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे 'गफ्फार आर्ट, अकोला' असं नाव टाकलं, खाली मोबाईल नंबर.

मोपेड काढून पुलाजवळ गेलो. झाडू माझाच होता. मागची झाडं माझी, सूर्यही माझा. बाई मात्र दुसरीच. काळीसावळी, पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला, हात उघडे, पायात जुनी चप्पल. आणि नजर अशी, की आपण आत्ताच रस्त्यावर काहीतरी टाकलंय आणि तिने ते पाहिलंय. ही चतुराबाई होती. वीस वर्षं ठेकेदाराकडे हाच रस्ता झाडते. मी आठ दिवस शिडीवर होतो, तेव्हा खाली पडलेले चुन्याचे पोपडे तिनेच गोळा केले होते.

माझं टाळकं सरकलं. खोटं कशाला बोलू, राग दोन गोष्टींचा होता. कोणीतरी माझ्या भिंतीला हात लावला होता, आणि तो हात माझ्यापेक्षा चांगला होता.

पुलाजवळचा चहावाला म्हणाला, "काल चतुराबाईची सुट्टी होती, तवा एक पोट्टी आली ना शिडी-बादली घेऊन. दिवसभर रंगवून राहिली होती. आमी म्हटलं, तुमचीच असन." शिडी आणि बादली जवळ असली की आपल्याकडे कोणी कोणाला अडवत नाही.

मग माझी नजर कोपऱ्यात गेली. माझ्या नावाला साधा ओरखडाही नव्हता. साडीचा काठ खाली येता येता नावापाशी वळसा घालून गेला होता, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून. आमच्या धंद्यात दुसऱ्या पेंटरच्या नावावर ब्रश फिरवत नाहीत. स्वतःचं नाव ज्याने त्याने पुसायचं. आता हे कोण पाळतं म्हणा, पण मी माझ्या हाताखालच्या तिघांकडून ते घोकून घेतलं होतं. त्यातले दोघं फ्लेक्सच्या दुकानात बसतात. तिसरी वर्षाली, चतुराबाईची मुलगी.

चार वर्षांपूर्वी मीच तिला हाकललं होतं. एका शाळेच्या भिंतीवर तिने नमुना सोडून त्याच शाळेतली पोरं काढली, शेंबडी, बटणं तुटलेली. हेडमास्तर तणतणले. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "नमुन्यात हाय तेच काढायचं! स्वतःचं डोकं घरी ठिवून येत जाय!" तिने ब्रश धुतला, जागेवर ठेवला आणि गेली. पुढे अमरावतीला चित्रकलेची पदविका केली असं कानावर आलं होतं.

दुपारी साहेबांचा फोन आला. सर्वेक्षणाची टीम येणार आणि भिंतीवर हातमोजे नसलेली, फाटक्या चपलेची बाई? चित्र माझं असेल तर उरलेल्या अकरा भिंती विसरायच्या. नसेल तर अनोळखी इसमाने विद्रूपीकरण केलं अशी लेखी तक्रार द्यायची. चहावाल्याकडे कॅमेरा होता, पोलिसांना इसम सापडायला वेळ लागणार नव्हता. मुदत बुधवारची.

मी घरात येरझारा घालू लागलो. फोन वाजतच होता आणि मी प्रत्येकाला 'मेहरबानी' म्हणत होतो. ते चित्र माझं नाही, हे एवढंसं वाक्य एकालाही सांगितलं नाही. तीस वर्षांत माझ्या चित्रासाठी कोणी गाडी थांबवली नव्हती. पाचव्या-सहाव्या फोनला तर मी "डोळ्यांना वेळ लागला" असंही बोलून गेलो. मग स्वतःचीच लाज वाटली.

मंगळवारी एसटीने अमरावती गाठली. मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली, तेवढ्यात मी तीनदा खाली उतरलो आणि चढलो. राजापेठेत वर्षालीची खोली होती. ती शिकवणीच्या पोरांची एलिमेंटरीची चित्रं तपासत बसली होती. मला पाहून उठली, जराही दचकली नाही.

"बसा चाचा. पानी देऊ?"

"माही भिंत काहून खराब केली तू?"

"खराब?" तिने पाण्याचा ग्लास समोर ठेवला. "मंग लोकं तुमाले फोन काहून करून राहिले? माह्या मैत्रिणीनं बी केला म्हने." आणि पुढे, "सांगतलं का तुमी त्याहिले, का चित्र तुमचं नाही म्हणून?"

मी पाणी प्यायलो. ती मला बघत राहिली, तिच्या आईसारखीच.

"आठ दिवस माय तुमच्या शिडीखाली झाडत होती, चाचा. तुमच्यासाठी पानी आनत होती. आन् तुमी वर काढली कोन? क्रीमच्या जाहिरातीतली बाई."

"नमुनाच तसा होता."

"हो ना. नमुना."

माझा पारा चढला. "आन् तू? तू इचारलं होतं मायले? तो मुकादम कालपासून तिले टोचून राहिला. म्हने, झाडू सोडून हिरॉइन झाली काय, ठेकेदाराचं नाव खराब करते, उद्यापासून येऊ नोको. चहावाल्यानं सांगितलं मले."

हे तिला माहीत नव्हतं. तिने टेबलावरची चित्रं बाजूला सारली. मग म्हणाली, "तक्रार द्या तुमी. माह्या नावानं द्या. चित्र माहं हाय. तुमच्या नावावर लोकं वाहवा करून राहिले, ते मले बी सहन होत नाही."

टेबलावर एक लिफाफा होता. चिखलदऱ्याकडच्या आश्रमशाळेत चित्रकला शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती, पोलिसांचा दाखला तेवढा बाकी होता. मी लिफाफ्याकडे पाहिलं. "गेली तं गेली नोकरी," ती म्हणाली. पण हात मात्र लिफाफ्यावर घट्ट धरला होता.

"माहं नाव तेवढं पुसलं असतं तं हा घोयच झाला नसता," मी म्हणालो.

"कसं पुसू? तुमीच तं शिकवलं."

परतीच्या गाडीत मी तिच्यावर चिडलो, मुकादमावर चिडलो, खिडकी बंद होत नव्हती म्हणून कंडक्टरवर चिडलो. बडनेरा मागे पडेपर्यंत चिडायला कोणी उरलं नाही.

बुधवारी साहेबांसमोर उभा राहिलो. "चित्र माझंच आहे," म्हणालो. "शिडीवरची पोरगी माझ्या सांगण्यावरून आली होती. बाईला मी विचारलं नाही, तिला यातलं काही माहीत नाही. तसं मुकादमाला लेखी कळवा." साहेबांनी अकरा भिंती रद्द केल्या. गुरुवारी ही भिंत मीच पांढरी करून द्यायची, असा हुकूम झाला. मी सही केली. बाहेर आलो तेव्हा हलकं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. आता तर कागदावरही ते चित्र माझंच झालं होतं. पोरीला वाचवता वाचवता मी तिचं चित्र ढापलं होतं.

गुरुवारी सकाळी बादली आणि ब्रश घेऊन गेलो. चतुराबाई पुलाच्या तोंडाशी झाडत होती.

"पुसून टाका बापा एकदाचं," ती म्हणाली. "मुकादम जगू देत नाही."

"तो आता काही बोलनार नाही. तुमी पायलं का चित्र?"

"मी खाली मान घालून झाडतो. वर कोन पायते?"

मी तिला रस्त्याच्या पलीकडे नेलं. ती झाडू टेकवून उभी राहिली. आधी नुसतीच पाहत होती. मग दोन पावलं पुढे आली आणि बोट केलं. चित्रातल्या चपलेचा तुटलेला अंगठा पिनेने जोडलेला होता. मी चार दिवस ते चित्र बघत होतो, पण मला ती पिन दिसली नव्हती. चतुराबाईने आपल्या पायाकडे पाहिलं. तीच चप्पल, तीच पिन.

"भाऊ, हे तुमी नाही काढलं," ती म्हणाली. "तुमी आठ दिवस माह्याकडे पायलं बी नाही."

मी पुन्हा त्या पिनेकडे पाहिलं.

"एवढं पायत होती काय माही पोट्टी मले?" पदराने तोंड पुसून तिने झाडू उचलला. "झालं. पायलं मी. पुसा आता."

मी भिंतीपाशी गेलो, ब्रश बुडवला आणि सगळ्यात आधी माझं नाव पुसलं. 'गफ्फार' गेलं, 'आर्ट' गेलं, 'अकोला' गेलं, मग नंबर. चुन्याचे दोन हात दिले, खालचं अक्षर दिसू नये म्हणून तिसराही दिला. मग ब्रश बादलीत टाकला आणि बादली उचलली.

"आन् बाकीचं?" मागून चतुराबाईने विचारलं.

"बाकीचं माहं नाही."

चार दिवसांत पहिल्यांदा ते तोंडातून निघालं. साहेब दुसरा पेंटर पाठवतील, उद्या किंवा परवा. चतुराबाई भिंतीच्या खालचा पट्टा झाडायला लागली, पण दर दोन हातांनंतर थांबून वर बघत होती.