मिथेनॉल प्यायलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, पण चाकांवर नव्हे, विटांवर उभी आहे. धुळ्याच्या तंत्रशाळेच्या आवारात, सायकल स्टँडच्या मागे. तुम्ही माझ्यावर दप्तरं ठेवता आणि माझ्या बॉनेटला पडलेल्या भल्यामोठ्या भोकावरून वाद घालता. कुणी म्हणतं स्फोट झाला, कुणी म्हणतं गंजलं, कुणी म्हणतं तिथे मशीनगन होती. तिन्ही मतं मी शांतपणे ऐकली आहेत. तिन्ही चूक आहेत.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी मला मुलाच्या लग्नासाठी मागवलं. आठ सिलिंडरचं इंजिन, पुढे जाड चकचकीत बंपर. पहिली सात वर्षं मला दिवसातून दोनदा पुसलं जाई. मग एकदा, मग सणाला. नंतर मला जिनिंग कारखान्याच्या मागे सरकीच्या पोत्यांशेजारी लावलं आणि सगळे विसरले. माझ्या मागच्या सीटवर एका कोंबडीनं दोन उन्हाळ्यांत सदतीस अंडी घातली. मोजायला दुसरं काही नव्हतं.

१९८७ साली शेठजींचा नातू भाईदास मुंबईला गेला आणि तिथल्या धावपट्टीवर पाव मैलाची मोटारशर्यत पाहून आला. वळण नाही, चढ नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या आणि सरळ सुटायच्या. भाईदासला तो खेळ फार आवडला, कारण बघणाऱ्यांना टाळ्या कुणासाठी वाजवायच्या ते लगेच कळत होतं. त्यानं कोंबडीला हुसकलं आणि मला धुळ्याला, आग्रा रोडवरच्या नथ्थू मिस्त्रीच्या गॅरेजात ओढत आणलं.

माणूस बॉनेट कसं लावतो यावरून मी माणूस ओळखते. भाईदास आपटायचा. नथ्थू दोन्ही तळवे टेकवून हलकेच दाबायचा, आणि मग कान लावून उभा राहायचा. हात देवाचे होते त्याचे. तोंड मात्र सोयीचं होतं. जे सांगून काम पुढे सरकेल ते तो सांगायचा, आणि ज्यानं अडेल ते गिळायचा. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून मी त्याच्या बोलण्याला भिऊ लागले.

गाडी चालवणार होता उखर्डू. नथ्थूच्या थोरल्या बहिणीचा, धुरपदाबाईचा नवरा. वीस वर्षं ट्रक चालवलेला, कमी बोलणारा. नथ्थूनं त्याला पहिल्यांदा माझ्यात बसवलं तेव्हा आपल्या अहिराणीत म्हणाला, "दाजी, गाडी नही हाई. वारा शे, वारा."

"वारा शे तं ब्रेक कोठे लावू?" उखर्डूनं विचारलं.

नथ्थूनं भंगारात निघालेल्या जुन्या डिझेल इंजिनावरचा ब्लोअर आणून माझ्या इंजिनावर बसवला. इंजिन आपसूक हवा ओढतं. ब्लोअर ती कोंबून भरतो. यालाच सुपरचार्जर म्हणतात. तो आत मावेना म्हणून माझं बॉनेट कापलं. हेच ते भोक, मित्रांनो.

ताकद वाढली, पण ताप चढला. कोंबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकतं. आतून हातोड्यानं ठोकल्यासारखा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी माझ्या एका पिस्टनला रुपयाएवढं भोक पडलं. पिस्टन बदलला, पंधरवड्यात दुसरा गेला. तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या केमिस्टनं नथ्थूला मार्ग सांगितला, मिथेनॉल. ते आत जाताना इंजिनाला गार करतं. पण ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, म्हणून कार्बोरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या जेटची भोकं मोठी करायला हवीत, पंप मोठा हवा, रबरी नळ्या बदलायला हव्यात. ॲल्युमिनियमला ते खातं. काम झालं की पेट्रोल फिरवून सगळं धुवायचं. प्यायलं तर डोळे जातात, जीवही जातो. आणि शेवटची गोष्ट, ती केमिस्टनं दोनदा सांगितली. त्याची ज्वाला भर उन्हात दिसत नाही. आग लागली तरी कळत नाही. बरी बाब एवढीच की साध्या पाण्यानं विझते.

परवाना झाला, निळा ड्रम आला. नथ्थूनं त्यावर कवटी काढली आणि गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला, चहावाल्यालासुद्धा, बजावलं की हे दारू नव्हे, विष आहे. हा धोका त्यानं मोठ्यानं सांगितला, कारण तो सांगून काही अडत नव्हतं. न दिसणाऱ्या आगीचं मात्र तो कुणाशी बोलला नाही.

मला ते नवं पेय मानवलं. इतकं गार वाटायचं की मे महिन्यात माझ्या नळ्यांवर दव धरायचं. सगळे कौतुकानं बोट लावून बघायचे. धुरपदाबाई डबा घेऊन यायची, तिनं मात्र नाकाला पदर लावला.

"नथ्थू, यामा काय टाकं तू? वास येगळा शे."

"स्पिरिट शे, अक्का. पेट्रोलना भाऊ."

"भाऊ शे तं सभाव बी सांग त्याना."

नथ्थू हसला आणि पाना शोधायला खाली वाकला. पाना त्याच्या हातातच होता.

चाचणीचा दिवस ठरला. गावाबाहेरची विमानपट्टी, मे महिना, दुपारचे बारा. समोरचं डांबर उन्हानं थरथरत होतं. भाईदासनं जिनिंगमधली पंचवीस माणसं टाळ्यांसाठी आणली होती. त्यांनी नथ्थूच्या गॅरेजातल्या शिस्तीप्रमाणे रेतीच्या बादल्या मांडल्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, आग पसरते, हे नथ्थूनंच वर्षानुवर्षं त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना शिकवलं होतं. पण आज त्यानं पाण्याचे दोन ड्रमही आणले.

"नथ्थूभाऊ, पाणी कशाला?" भाईदासनं विचारलं.

"इंजिन थंड कराले, शेठ."

दव धरणारं इंजिन आणि त्याला थंड करायला दोन ड्रम पाणी. पण कुणी पुढे विचारलं नाही.

टाकी माझ्या नाकाशी बसवली होती. नथ्थूनं नरसाळ्यानं मिथेनॉल भरलं. नरसाळं कलंडलं, पेलाभर बाहेर सांडलं. त्यानं ते फडक्यानं पुसलं आणि फडकं ब्लोअरच्या बाजूला खोचून ठेवलं. उखर्डू आत बसला. कॅनव्हासचे पट्टे खांद्यांवरून आणि कमरेवरून आवळले. ते त्याचे त्याला एकट्याला सोडवता येत नसत.

आता आपल्याकडे पूजेशिवाय नवं वाहन हलतं का? धुरपदाबाईनं झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, ताटलीत कापूर पेटवून ओवाळू लागली. नथ्थूचं तोंड उघडलेलं मला दिसलं. अक्का, आग लांब ठेव, एवढंच म्हणायचं होतं. पण मग तिनं कारण विचारलं असतं. तोंड मिटलं.

वाऱ्याची झुळूक आली. कापराचा तुकडा उडाला आणि माझ्या नाकावर पडून विझल्यासारखा दिसला.

विझला नव्हता. मित्रांनो, मला ते कळलं आणि दुसऱ्या कुणालाही नाही. मिथेनॉलनं ओल्या राहिलेल्या पत्र्यावरून ज्वाला सरपटली, फडक्यात शिरली. धूर नाही, रंग नाही. माझा रंग फुगून फोड येऊ लागले, पण पंचवीस माणसांना समोर फक्त उन्हाची झळ दिसत होती, जी सगळ्या पट्टीवरच होती. तिथून इंधनाची नळी टाकीकडे जात होती. टाकीमागे इंजिन, इंजिनामागे पट्ट्यांत आवळलेला उखर्डू. मला हॉर्न होता. तो वाजवायला माणसाचा हात लागतो.

धुरपदाबाई दृष्ट काढायला पुढे आली. मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. ते उतरवून मग चुलीत टाकायचं असतं. तिचा हात माझ्यावरून फिरला, आणि पाचव्या फेऱ्याला मुठीतून थोडं निसटलं.

मोहरी तडतडली. मिठाचा खडा पडला तिथे पिवळी जीभ उठली आणि मावळली. मिरचीचा ठसका लागून भाईदास खोकू लागला.

तीस वर्षं चुलीपुढे बसलेली बाई. तिचा हात हवेतच थांबला. "नथ्थू," ती हळूच म्हणाली, "मोहरी कशावर तडतडी राह्यनी?"

 नथ्थू ओरडला, "आग शे! दाजीले काढा! पानी टाका, पानी!"

माणसांनी रेतीच्या बादल्या उचलल्या आणि थबकली. ज्यानं जन्मभर पाणी नको म्हणून शिकवलं तोच पाणी म्हणत होता. कुठल्या नथ्थूचं ऐकावं? तेवढ्यात धुरपदाबाईनं पूजेची कळशी माझ्या नाकावर उपडी केली, मग ड्रमकडे धावली. ती धावल्यावर बाकीचे हलले. नथ्थू उखर्डूच्या पट्ट्यांशी झटत होता, आणि आग ब्लोअरवरून तिथवर पोचली होती. न दिसणाऱ्या ज्वाळेत हात कुठे घातला ते त्याला कातडी सोलल्यावर कळलं. पट्टा सुटला. उखर्डू बाहेर पडला. माझ्यावर पाणी येतच होतं, आणि कुणालाच कळत नव्हतं की आग विझली का. शेवटी धुरपदाबाईनं उरलेली मूठ माझ्यावर भिरकावली. मोहरी गप्प पडून राहिली. तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला.

"तुले म्हाईत व्हतं?" तिनं विचारलं.

"व्हतं, अक्का."

"मंग?"

"तू दाजीले बसूच देती नही."

 उत्तर दिलं उखर्डूनं, जमिनीवर बसून, पोळलेलं मनगट पाण्यात धरून. "नथ्थू, वीस वरीस ट्रक हाकलं. एक डाव घाटमा ब्रेक गयात, तरी उतरनू. पन माले म्हाईत व्हतं, ब्रेक नही."

मग त्यानं तिथेच नथ्थूला सगळं सांगायला लावलं. केमिस्टनं सांगितलेलं, शब्द न् शब्द. हात जळलेला नथ्थू सांगत होता आणि टाळ्यांसाठी आणलेली पंचवीस माणसं ऐकत होती. ऐकून झाल्यावर उखर्डू म्हणाला, "आज नही." भाईदासनं तोंड वाकडं केलं, पण धुरपदाबाईकडे बघून ते सरळही केलं.

महिन्यानं उखर्डू आपणहून बसला. एका हिसक्यात सुटतील असे पट्टे त्यानं स्वतः निवडले होते, आणि टाकी भरल्यावर पत्र्यावर पाणी मारून घेतलं होतं. मी धावले, मित्रांनो. भीती होती, पण ती आता सगळ्यांनी वाटून घेतलेली होती, म्हणून मला पेलली. मुंबईत आमचा पाचवा नंबर आला. भाईदासचा उत्साह तेवढ्यावर आटला, इंजिन कुणीतरी नेलं, मी इथे आले.

मला पुसा असं मी म्हणत नाही. दप्तरंही खुशाल ठेवा. पण तुमच्यातलं कुणी उद्या यंत्र उघडेल, जोडेल, त्यात दुसऱ्याला बसवेल. त्याचा पट्टा आवळण्याआधी तुम्हाला जे ठाऊक आहे ते सगळं त्याला सांगा. ऐकून तो उतरला, तर उतरू द्या.