कापून टाकलेला खोकला

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आला आहे आणि मान जरा लुळी पडली आहे. कान मात्र शाबूत आहेत. खरे तर कानाशिवाय मला दुसरे काही नाहीच.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्यांनी माझ्यापुढे चुटकी वाजवली, नीट ऐकले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा मोठा तिखट कानाचा आहे गं." ती शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

मला विकत घेतले ते पुस्तके वाचणाऱ्या एका माणसाने. पुस्तक मोठ्याने वाचायचे, त्याचे रेकॉर्डिंग करून द्यायचे, हे त्याचे पोट भरण्याचे काम. नोकरी कुणाचीच नाही, सगळे घरूनच. डोक्यावर साहेब नाही, म्हणून हक्काची रजाही नाही. रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून त्याने कपड्यांचे कपाट रिकामे केले, आतून जुन्या रजया ठोकल्या आणि त्यात मला उभे केले. पंखा बंद, दार बंद. घामाने निथळत तो वाचायचा. घरी कुणी आले की त्याची बायको सांगायची, "हे ना, कपाटात गेलेत कामाला!"

काय सुरेख आवाज होता त्याचा! म्हातारी वाचली की म्हातारी समोर उभी राहायची, चोर वाचला की रजयासुद्धा श्वास रोखून धरायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पण एक प्रकरण संपले की तो बाल्कनीत जाऊन सिगरेट ओढायचा. "त्याशिवाय माझं गाडं पुढे सरकत नाही," म्हणायचा. परत आला की मला त्याची धाप ऐकू यायची. लांब वाक्य मध्येच तुटायचे. मग तेच वाक्य पुन्हा. मग खोकला, आणि परत तेच वाक्य. साऱ्या दुपारची माती व्हायची आणि त्याला वाटायचे, आपण केवढे राबतो!

संध्याकाळी तो संगणकापुढे बसून दिवसभराचे वाचन साफ करायचा. खोकला आला, काप. धाप आली, काप. अधूनमधून त्याची मुलगी कपाटाचे दार वाजवून विचारायची, "बाबा, झालं का?" तो हसून म्हणायचा, "आलो गं, खारूताई!" पुस्तकात त्याचे काय काम? तेही कापून फेकून द्यायचा. त्याचा हात असा साफ की ऐकणाऱ्याला वाटावे, हा माणूस जन्मात कधी खोकलाच नाही. हळूहळू त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागले.

पुढे आवाज जाडावला. काम देणाऱ्या प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. "काय वजन आलंय हो आवाजाला! जपा हं."

स्वारी हवेत. "ऐकलंस? आवाज जपा म्हणतायत."

"मग जपा ना," बायको म्हणाली. "आधी ती बाल्कनी सोडा."

"अगं, हा खर्ज तिनेच दिलाय!"

मित्रांनो, तो खर्ज नव्हता. आत काहीतरी सुजत होते. मला ते स्पष्ट ऐकू येत होते, पण मी पडलो ऐकणारा. मला तोंड कुठे आहे?

एकदा मुलीने हट्टच धरला तेव्हा त्याने सिगरेट सोडली. पहिले दिवस वाईट गेले. चिडचिड झाली, खोकला उलट वाढला, आवाज फाटू लागला. असे होते, निवळायला वेळ लागतो. पण तेवढ्यात बाईंचा फोन आला. "पूर्वीचं वजन कुठे गेलं हो?" तो घाबरला. आवाज गेला तर खायचे काय? फोन ठेवला आणि तो थेट बाल्कनीत गेला. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

त्यानंतर काही वर्षांनी एका कादंबरीच्या अर्ध्यावर त्याचा आवाज बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल, म्हणाले. त्यांनी ते काढले. मी अंधाऱ्या कपाटात धूळ खात पडलो.

तो घरी आला तेव्हा गळ्याला भोक होते, त्यावर पातळ कापड. सिगरेट सुटली होती. आता तो दुसऱ्यांची रेकॉर्डिंगे साफ करून देतो. बाल्कनीच्या फेऱ्या नाहीत, काम कसे वेळेत उरकते. हेच आधी झाले असते तर, असे माझ्या मनात येते आणि फार वाईट वाटते.

एके दिवशी मुलीने त्याची सगळी जुनी रेकॉर्डिंगे लावली. तिला फक्त एक हाक हवी होती. राजे बोलले, चोर बोलले, म्हाताऱ्या बोलल्या. खारूताई कुठेच नव्हती. तो शेजारी बसला होता. त्याने कागद ओढून लिहिले, "मीच कापलं." मग दोघेही रडली. त्यातले एकच रडणे मला ऐकू आले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असे खोकत असेल तर कानाडोळा करू नका. मागे लागा, भांडा. एकदा सोडून पुन्हा ओढली तर पुन्हा सोडायला लावा. आवाज असेपर्यंतच हे सारे करायचे असते.

आता कपाटात मुलगी वाचते. मधेच थांबून ती दार किलकिले करते आणि विचारते, "बाबा, झालं का?" संगणकापुढे बसलेला तो वळतो. त्याचे ओठ हलतात. काय म्हणतो ते तिला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. माझे कान अजून तसेच तिखट आहेत, पण ऐकू काहीच येत नाही.