झाकून आणलेला आवाज

सकाळी थोरली मावशी गेल्याची बातमी आली आणि डेल्विनने लगेच शहरातल्या ऑफिसला फोन लावला. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, चेहरा पाहायचा नाही, आवाज ऐकायचा नाही, ही त्यांच्या आदिवासी वस्तीची रीत. आणि महिनाभर डेल्विननेच मावशीला शेजारी बसवून शहरातल्या संग्रहालयाने मोबाइलवर दिलेल्या वस्तीच्या जुन्या फोटोंना नावं लावली होती, तीही मावशीच्याच आवाजात भरून. ‘अनोळखी बाई, विहिरीपाशी’ या फोटोला बोट लावलं की मावशी ‘ही मीच’ म्हणत स्वतःच्या आवाजात आपलं नाव सांगायची. सगळ्या वस्तीच्या मोबाइलवर.

फोटो झाकायचा, म्हणजे सगळ्यांच्या मोबाइलवरून लपवायचा अधिकार फक्त संग्रहालयाच्या त्या ऑफिसला. तिने चौथ्यांदा फोन लावला. नुसती रिंग. मांडीवरचं तिचं बाळ मोबाइलच्या चमकत्या पडद्याकडे झेपावत होतं.

तेवढ्यात टॉप्सी मावशी आत आली, गेलेलीची धाकटी बहीण. तिने पदार्थ जपून आणावा तसा फडक्यात गुंडाळलेला मोबाइल टेबलावर ठेवला.

“हा घे पोरी. नातवाने हौसेनं सगळे फोटो नि आवाज यात भरून दिलेत. चुकून बोट लागलं नि ती बोलली, तर मी काय करू?”

“माझंच चुकलं, मावशी. कुणी गेलं तर झाकणार कोण, हे आधीच विचारायला हवं होतं.”

“तू कशाला रडतेस? त्या शहरवाल्यांना सांग, झाकायची किल्ली इथं द्या म्हणावं. माणसं काय ऑफिसची वेळ बघून मरतात?”

डेल्विनने पाचव्यांदा फोन लावला. रिंग वाजत राहिली. बाळाने फडक्याकडे हात नेला, तशी तिने त्याच्या दोन्ही मुठी घट्ट धरून ठेवल्या.