सतरा तारीख, पाऊस शून्य

हवामान कार्यालयात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस घरच्यांना फार महागात पडतो. आमच्याकडे वाळत घातलेले कपडे माझ्या सांगण्याशिवाय आत येत नाहीत. ते बायको माझ्या पाठीमागे आधीच काढून आणते आणि म्हणूनच ते कोरडे असतात, हे मला अलीकडेच कळलं.

बायको पोस्टात आहे. गावाबाहेरच्या वस्त्यांवर पाठीला पिशवी लावून, चालत टपाल वाटायचं, हे तिचं काम. हिवाळ्यात तिचा पाय मोडला. तेव्हापासून ती घरात बसून होती आणि तिच्या पायाबद्दल मीच तिच्याहून जास्त बोलत होतो. आता तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, "तळ्यापासून हमरस्त्याच्या बसथांब्यापर्यंत पाच किलोमीटर, भरल्या पिशवीनिशी, एका तासात. तुमचं तुम्ही चालून बघा आणि सोमवारी सांगा. जमलं तर तुमची फेरी तुम्हाला, नाहीतर तिकिटांची खिडकी." खिडकीचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा. "दिवसभर चार भिंतींत बसवलं तर मी भांडकुदळ होईन," ती म्हणायची. पुढे तोंड उघडण्याची चूक मी केली नाही.

"दिवस मी निवडतो," मी छाती काढून म्हणालो. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते, आभाळ सकाळी एक बोलायचं आणि दुपारी दुसरंच करायचं. मी कार्यालयातली वीस वर्षांची पावसाची नोंदवही उघडली. सतरा तारखेच्या रकान्यात वीसच्या वीस वर्षं शून्य. अठराला मात्र बहुतेक साली पाऊस. "बघ, एका दिवसाचा फरक! याला अभ्यास लागतो." आमच्याच कार्यालयाचा अंदाज विभाग सतराला 'दुपारनंतर सरी' म्हणत होता, पण अंदाजवाल्यांचं आणि आम्हा मोजणीवाल्यांचं कधीच पटलेलं नाही.

शनिवारी, सतरा तारखेला, दुपारी तीनला आम्ही तळ्यावर उतरलो. तिच्या पिशवीत आठ किलो जुनी पाकिटं होती, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली.

"प्लास्टिक कशाला? मी सांगितलंय ना?"

"सवय हो," ती म्हणाली. मग मनगटावरचं घड्याळ काढून तिने माझ्याकडे दिलं. "हे तुमच्याकडेच ठेवा. माझ्या हातात असलं तर मी माझ्या सोयीचं वाचेन."

माझ्या पाठीवर पाच लिटर पाणी, दोन टोप्या, मीठ-साखरेची पूड, चार ओले रुमाल आणि एक तापमापक होता. पाऊस सोडून जगातल्या सगळ्या संकटांची तयारी होती. पहिल्या किलोमीटरलाच ऊन असं काही तापलं की तिच्यासाठी आणलेलं पाणी मीच अर्धं संपवलं. नवे बूट टाच सोलत होते. ती पुढे, मी मागे. "दमलीस तर सांग हं," मी धापा टाकत ओरडत होतो आणि ती मागे वळून न बघता हात हलवत होती.

दुसऱ्या किलोमीटरला वारा फिरला. शेतातली धूळ तोंडात गेली, ऊन विझलं आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. बायकोने चालता चालताच पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून रेनकोट काढला.

"एकच आणलास?"

"तुम्ही म्हणालात, पाऊस नाही. तुमचा शब्द मोडून तुमच्यासाठी कसा आणणार?"

आणि तिथेच, नाकातोंडात पाणी जात असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे आदल्या चोवीस तासांचा पाऊस रोज सकाळी नऊला मोजतात आणि मोजलेल्या दिवसाच्या तारखेला लिहितात. म्हणजे अठराच्या रकान्यातला पाऊस सतराच्या दुपारी पडलेला असतो! अठ्ठावीस वर्षं मी स्वतःच्या हाताने तो लिहीत होतो. वर्षातला सगळ्यात ओला दिवस मी अभ्यास करून निवडला होता.

मी तिला हे ओरडून सांगितलं. ती पोट धरून हसली, पण थांबली नाही. मी तिला गाठायला धावलो आणि चिखलात अक्षरशः तोंडघशी पडलो.

तेवढ्यात मागून दुधाचा टेम्पो आला. "बसा काका, काकू, तुम्हीपण बसा," ड्रायव्हर म्हणाला.

"यांना न्या," ती म्हणाली. "मी चढले तर चालत आले म्हणता येणार नाही."

मी चढलो. लाज वाटली, पण चढलो. मागच्या फळीवरून ती दिसत राहिली. मोडलेला पाय ती आता जपून टाकत होती, चिखल बघून, आधी टाच, मग चवडा. हा दिवस माझा होता, हा पाऊसही माझाच होता आणि चालत होती ती.

थांब्यावर मी घड्याळ धरून उभा राहिलो. पन्नास मिनिटं झाली. साठ झाली. रस्ता रिकामाच. ती वळणावर दिसली तेव्हा पाऊस उघडला होता. लंगडत होती, पण वेग सोडला नव्हता. खांबाला हात लावून तिने विचारलं, "किती?"

"सत्तावन्न," मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा मी खोटा आकडा सांगितला होता.

"घड्याळाकडे न बघताच?"

मी घड्याळ तिच्यासमोर धरलं. "अडुसष्ट," मी म्हणालो. "पण चूक माझी आहे गं. कोरड्या वाटेने तू आरामात आली असतीस. तुझी फेरी माझ्यामुळे गेली."

ती बाकावर बसली. बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. पिशवी उघडून एकेक पाकीट चाचपून पाहिलं. ती रडेल असं मला वाटत होतं आणि डोळे मीच पुसत होतो.

"सगळी कोरडी आहेत," ती म्हणाली. "सोमवारी साहेबांना अडुसष्टच सांगणार. एवढ्या पावसात, एवढ्या चिखलात, अडुसष्ट. त्यावर खिडकी द्यायची असेल तर माझ्या तोंडाकडे बघून देऊ देत."

"मी येऊ बरोबर?"

"अजिबात नको," ती बूट चढवत म्हणाली. "तिथे तुम्ही पंचेचाळीस सांगाल."